वारा विकायचा किती, मनोरा जपायचा किती: पवनचक्की मालकांसाठी नियंत्रणाच्या पर्यायांची तुलना

मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीच्या भाईंनी मला घरी बोलावलं. सोप्यावर मानकुराद आंब्यांची पाटी होती आणि तिच्या शेजारी दोन फायली. भाईंच्या घराण्याच्या बार्जी, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी. मांडवीतून खनिज मुरगावला न्यायच्या. पवनचक्कीवर वर्षाला ८० टक्के घसारा मिळायचा त्या काळात त्यांनी सातारच्या पठारावर पैसे घातले, आणि आज तिथे त्यांची २ मेगावॉटची १० मशिनं उभी आहेत. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्जी नदीत नांगरून पडल्या, तेव्हा घर चाललं ते या मशिनांवर. त्यामुळे भाई त्यांच्याविषयी बोलतात ते घरच्या माणसाविषयी बोलावं तसं.

दोन्ही फायली सॉफ्टवेअरच्या होत्या. एका कंपनीचं म्हणणं, मशिनांची तोंडं थोडी तिरकी फिरवून जनरेशन वाढवू. दुसरीचं म्हणणं, मशीनवरचा भार उतरवू, आयुष्य वाढेल. भाईंचा प्रश्न सरळ होता: "दोघेही खरं बोलतात का? आणि बोलत असतील तर घेऊ कुठलं?"

मी फोंड्यात बसून पवनचक्क्यांच्या कंट्रोलचं काम करतो; त्याआधी काही वर्षं पठारावर काढली. भाईंना त्या दुपारी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन आणखी मालक येतात आणि पावसाळा तोंडावर आला की घाईत सही करून मोकळे होतात.

आधी सड्याचं गणित

सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. वर सपाट, कडेला उतार. पवनचक्कीची वीज आणि तिच्यावर येणारी वाऱ्याची ढकल यांचं नातं समजायला सड्याइतकं चांगलं चित्र नाही.

पाती वाऱ्याला अडवतात म्हणून वीज मिळते. फार कमी अडवलं तर वारा तसाच निघून जातो, फार जास्त अडवलं तर तो बाजूने वळसा घालतो. मधे कुठेतरी शिखर आहे. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की त्या शिखरावरही वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती काढता येत नाही. नेहमीचा कंट्रोलर मशीनला कायम या शिखराच्या जवळ धरून ठेवतो. पण हे शिखर टोकदार नाही, सड्यासारखं सपाट आहे. तिथून दोन पावलं मागे सरलं तरी उंची फारशी जात नाही. ढकलीचं तसं नाही. ती त्याच जागी सरळ उतारावर असते.

पात्यांच्या जागी एक आदर्श चकती धरून गणित केलं तर आकडे असे येतात. विजेतले ०.८ टक्के सोडले तर ढकल ५.५ टक्क्यांनी उतरते. २ टक्के सोडले तर ९.३ टक्क्यांनी. ५ टक्के सोडले तर १५.६ टक्क्यांनी. म्हणजे पहिली पावलं स्वस्त, पुढची महाग. खऱ्या पात्यांचे आकडे थोडे वेगळे असतात, पण चढउताराचा आकार हाच. दोन्ही फायली वाचताना मी हे गणित समोर ठेवलं, आणि प्रत्येक मालकाने ठेवावं.

आता ही ढकल केवढी? पठार ११०० मीटरच्या आसपास, हवा विरळ. १०० मीटर व्यासाचा रोटर, वारा सेकंदाला १०.५ मीटर धरला तर मनोऱ्याच्या टोकावर सुमारे ३७ टनांचा रेटा येतो. बहुतेकांना वाटतं की वादळी वाऱ्यात सगळ्यात जास्त रेटा येत असेल. तसं नाही. मशीन पूर्ण क्षमतेला पोचलं की पाती पिच होऊन, म्हणजे आपल्याच अक्षाभोवती वळून, वारा सोडायला लागतात, आणि २० मीटरच्या वाऱ्यात हाच रेटा निम्म्याहूनही कमी होतो. सगळ्यात वाईट पट्टा आहे तो पूर्ण क्षमता गाठण्याच्या अलीकडचा: १० ते १२ मीटरचा. पठारावर जून ते सप्टेंबर या पट्ट्यात मशीन तासन् तास घालवतं.

आणि झीज? झीज सरळ प्रमाणात वाढत नाही. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलरने रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की धातू एका मोठ्या झटक्याने तुटण्याआधी लाखो छोट्या हेलकाव्यांनी थकतो. हेलकाव्याचा आकार थोडा वाढला की थकवा कितीतरी पट वाढतो. थकवा हेलकाव्याच्या कितव्या घाताने वाढतो तो घातांक मनोऱ्याच्या वेल्डिंगसाठी ३ ते ४ धरतात, काचतंतूच्या पात्यांसाठी १० च्या आसपास. मनोऱ्याला ४ धरला आणि हेलकावे १० टक्क्यांनी वाढले तर मनोऱ्याचा थकवा जवळजवळ दीडपट होतो आणि पात्याचा अडीचपटीहून जास्त. १० टक्क्यांनी उतरले तर मनोऱ्याचा थकवा एक तृतीयांशाने कमी होतो, पात्याचा जवळजवळ दोन तृतीयांशाने. मिनिटाला १५ फेऱ्या धरल्या तर २० वर्षांत रोटर १५ कोटींहून जास्त वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पातं स्वतःच्या वजनाने एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतं. हे मोजमाप डोळ्यांसमोर असलं म्हणजे "दोन टक्क्यांनी काय होतं" हा प्रश्न पडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. सरासरी ढकल ९ टक्क्यांनी उतरली म्हणजे हेलकावेही तेवढेच उतरले, असं गृहीत धरू नका. हेलकावे गोंधळलेल्या वाऱ्यातून, वरखाली बदलणाऱ्या वेगातून, पुढच्या मशीनच्या सावलीतून येतात. सरासरी उतरवणं हा त्यातला एक भाग. दुसऱ्या फाईलीत ही गफलत होती. मी तिथे पेन्सिलीने खूण केली.

आजची पद्धत: ज्याने त्याने आपलं बघावं

भाईंची मशिनं आज ज्या पद्धतीने चालतात ती सगळ्यात जुनी. प्रत्येक मशीन स्वतःच्या वाऱ्यातून जास्तीत जास्त काढतं, मागच्याचं काय होतं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

मागच्याचं काय होतं तेही सांगतो. पुढच्या मशीनच्या मागे वाऱ्याची सावली पडते. साइटवर सगळे तिला वेक म्हणतात. डेन्मार्कच्या येन्सनने १९८३ साली मांडलेलं साधं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला पुरतं. त्याप्रमाणे पाच व्यास मागे उभ्या असलेल्या मशीनला वारा सुमारे १८ टक्के कमी मिळतो, आणि शक्ती वेगाच्या घनाने बदलत असल्यामुळे वीज जवळजवळ ४५ टक्के कमी होते. सात व्यासांवर ही तूट ३५ टक्क्यांवर येते. आपल्याकडे मायक्रोसायटिंगला, म्हणजे मशिनांच्या जागा आखताना, ५ डी बाय ७ डीचा (डी म्हणजे रोटरचा व्यास) नियम धरतात तो याचसाठी. शिवाय सावलीतला वारा खवळलेला असतो, त्यामुळे मागचं मशीन कमी कमावतं आणि जास्त हादरतं.

तरीही ही पद्धत सरसकट वाईट नाही. मशिनं लांबलांब असतील, एकाच रांगेत कड्याच्या काठाने उभी असतील आणि वारा त्या रांगेला आडवा येत असेल, तर सावलीचा प्रश्नच फार थोड्या तासांपुरता येतो. अशा साइटला ताफ्याच्या, म्हणजे सगळी मशिनं मिळून चालवणाऱ्या, सॉफ्टवेअरचा खर्च करू नका. भाईंची पहिली ५ मशिनं अशीच काठावर आहेत. मागची ५ मात्र त्यांच्या पाठीला लागून आहेत.

पुढच्याला आवरायचं, मागच्याला श्वास द्यायचा

पहिल्या फाईलीतला एक भाग असा होता: पुढच्या रांगेने थोडी वीज सोडायची, म्हणजे मागे वारा जास्त पोचेल आणि एकूण बेरीज वाढेल. याला डीरेटिंग म्हणतात. येन्सनच्या सूत्रात घालून पाहिलं तर पाच व्यासांच्या अंतरावर, एकामागे एक उभ्या दोन मशिनांची बेरीज ३.८ टक्क्यांनी वाढते. कागदावर ते फार सुंदर दिसतं.

रानात ते टिकत नाही. ते सूत्र सोडलेल्या वाऱ्याचा हिशेब मोकळ्या हाताने करतं. प्रत्यक्षात सोडलेला वारा बराचसा सावलीच्या कडेने निघून जातो आणि मागच्या रोटरच्या हाती थोडाच लागतो. शिवाय ढकल कमी केली की सावलीतली घुसळण मंदावते आणि आजूबाजूचा वारा आत मिसळायला वेळ लागतो. प्रत्यक्ष साइटवरच्या चाचण्यांत एकूण विजेची वाढ फार थोडी किंवा नगण्य निघत आली आहे. जास्त विजेसाठी कोणी डीरेटिंग विकत असेल तर मी घेऊ नका म्हणेन.

झीज कमी करण्यासाठी मात्र हेच डीरेटिंग उपयोगाचं. पुढच्या मशीनवरचा रेटा उतरतो आणि मागे खळबळ कमी पोचते. फक्त ते कसं करतात ते विचारा. रोटरचा वेग उतरवून करत असतील तर एक धोका आहे. तीन पाती मनोऱ्यासमोरून जाताना जो ठोका देतात त्याची गती मनोऱ्याच्या स्वतःच्या डोलण्याच्या गतीशी जुळता कामा नये. मिनिटाला ६.५ फेऱ्या म्हणजे सेकंदाला ०.३२५ ठोके, पुष्कळ मनोऱ्यांची डोलण्याची गती याच घरातली असते. तो वेग पटकन ओलांडून जायची सोय कंट्रोलरमध्ये आहे का, हे लेखी घ्या. आणि पिच वळवून करत असतील, तर एरवी ज्या वाऱ्यात पाती स्वस्थ असतात त्या वाऱ्यातही ती हलत राहतील. पिच बेअरिंगचं काम वाढलं.

तोंड तिरकं करून सावली बाजूला सारायची

पहिल्या फाईलीतला मुख्य माल हा होता. पुढचं मशीन वाऱ्याला सरळ सामोरं न ठेवता १५–२० अंश फिरवायचं, म्हणजे त्याची सावली मागच्या मशीनच्या बाजूने निघून जाते. या कल्पनेच्या मागे खरं काम आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ६ मशिनांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ठरावीक दिशेच्या आणि साइटच्या सरासरी वेगाच्या वाऱ्यात ७ ते १३ टक्के वाढ दिसली. भारतातल्याच एका पवन प्रकल्पावर मायकल हाउलंड आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला: ६ ते ८ मीटरच्या वाऱ्यात सुमारे ३ टक्के, आणि सगळे वेग मिळून सुमारे १ टक्का. माहितीपत्रकात पहिला आकडा ठळक असतो. मालकाच्या बँकेत येतो तो शेवटचा.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. २० अंश तिरकं उभं राहिलेलं मशीन स्वतःची १०–१२ टक्के किंवा त्याहून जास्त वीज गमावतं. मागच्याने त्याहून जास्त कमावलं तरच नफा. दुसरं म्हणजे भार. तिरक्या रोटरवरचे हेलकावे कुठल्या बाजूला तिरकं केलं यावर वाढतात किंवा घटतात. सावली पूर्ण बाजूला न जाता मागच्या रोटरच्या अर्ध्या भागावर पडली तर त्या मशीनचं एक अंग मोकळ्या वाऱ्यात आणि दुसरं सावलीत, प्रत्येक फेरीला एक हिसका. मशीनचं तोंड फिरवणाऱ्या यॉच्या मोटारी, ब्रेकची पॅडं, दातेरी कडं या सगळ्यांचं काम वाढतं ते वेगळंच.

सातारच्या पठारासाठी माझी मोठी शंका ऋतूची आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा दिशा धरून वाहतो, म्हणजे या पद्धतीला हवी तशी दिशा मिळते. पण तेव्हा वारा इतका जोरात असतो की पुष्कळ वेळ मागची मशिनंही पूर्ण क्षमतेला असतात. वाढवायला शिल्लकच नसतं. हिवाळ्यातल्या शांत रात्री सावल्या लांब पडतात, वारा ६ ते ८ मीटरचा असतो, टक्के चांगले दिसतात. पण तेव्हा एकूण वीजच थोडी. शिवाय कडे-दऱ्यांच्या जागी सावली सरळ रेषेत जात नाही, आणि सगळं गणित सपाट जमिनीवर बेतलेलं असतं. धुळे किंवा गुजरातच्या मोकळ्या माळावर, दाट रांगांच्या साइटला मी ही फाईल बाजूला ठेवली नसती.

भार उतरवण्याच्या युक्त्या

दुसरी फाईल मला जास्त प्रामाणिक वाटली, जरी तिच्यात वर सांगितलेली गफलत होती. तिच्यात तीन गोष्टी होत्या.

पहिली, ढकलीचं टोक छाटणं. १० ते १२ मीटरच्या पट्ट्यात पाती थोडी आधीच वळवायची आणि ३७ टनांचं टोक गाठूच द्यायचं नाही. सड्याच्या गणितातली ही स्वस्त पावलं. भाईंना हे समजावायला मला काहीच करावं लागलं नाही. ते म्हणाले, "पावसात मांडवीचं आग्वादकडचं तोंड बंद झालं की आम्ही बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत काढायचो. हळू जायचं, पण हंगाम संपेपर्यंत बार्ज हातात राहायची." तसंच आहे.

दुसरी, मनोऱ्याचं डोलणं शमवणं. नॅसेलमध्ये, म्हणजे मनोऱ्याच्या टोकावरच्या यंत्रांच्या पेटीत, बसवलेला सेन्सर डोलणं ओळखतो आणि पिच त्याच्या उलट हलकेच हलवतो. बऱ्याच नव्या मशिनांत हे आधीपासून असतं, फक्त नीट जुळवलेलं नसतं. पैसे देण्याआधी आपल्या मशीनमध्ये ते आहे का ते विचारा.

तिसरी, प्रत्येक पातं स्वतंत्रपणे वळवणं. वर वारा जास्त, खाली कमी. म्हणून पातं वर असताना एक कोन, खाली असताना दुसरा. पात्याच्या मुळावर फेरीगणिक येणारा भार याने चांगलाच उतरतो. पण पिचची यंत्रणा विसावत नाही. पिच बेअरिंग पूर्ण फिरत नाही, एकाच जागी थोडं पुढे-मागे करतं, आणि तिथलं ग्रीस बाजूला सरून गोळ्या कोरड्या घासू लागतात. म्हणजे पात्याची झीज उचलून बेअरिंगवर ठेवली. १३ वर्षं चाललेल्या मशीनवर मी हे करणार नाही.

हे मी वाचून सांगत नाही. पठारावर असताना एका मे महिन्यात पुढच्या रांगेतल्या एका मशीनच्या पिच बेअरिंगमधलं ग्रीस काढलं. बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात चांदीसारखे बारीक कण चमकत होते. मशीन आवाज करत नव्हतं, स्काडावर, म्हणजे देखरेखीच्या संगणकावर, सगळं हिरवं होतं. पावसाळा निघून गेल्यावर बदलू असं ठरलं, आणि त्या ठरवण्यात मीही होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेअरिंग अडकलं. घाटात धुकं, वरचा रस्ता चिखलाचा, क्रेन चढवणं शक्य नव्हतं. मशीन पाच आठवडे तोंड फिरवून उभं राहिलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मशिनं पूर्ण क्षमतेने चालत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

रुपयांत मांडलं तर

भाईंच्या १० मशिनांचा वार्षिक सीयूएफ, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या मानाने प्रत्यक्ष मिळालेली वीज, २५ टक्के धरू. वर्षाला ४ कोटी ३८ लाख युनिट. दर उदाहरणापुरता ३ रुपये धरू. तुमचा करार वेगळा असेल.

पहिल्या फाईलीने १ टक्का खरोखर वाढवला तर ४ लाख ३८ हजार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १३ लाख रुपये.

दुसऱ्या बाजूला, एक मशीन जुलैत ३० दिवस बंद राहिलं आणि त्या महिन्याचा सीयूएफ ६० टक्के असला, तर ८ लाख ६४ हजार युनिट गेले. सुमारे २६ लाख रुपये. एका मशीनचा एक महिना, आणि दहा मशिनांची दोन वर्षांची वाढ धुऊन गेली. यात बेअरिंगची, क्रेनची, माणसांची किंमत धरलेली नाही.

आता टोक छाटण्याचा खर्च. वर्षाच्या विजेतला एक तृतीयांश भाग त्या वाईट पट्ट्यात येतो असं धरलं आणि तिथे २ टक्के सोडले, तर वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार युनिट जातात. तीन वर्षांत जुलैतला असा एक ब्रेकडाउन टळला की नुसत्या युनिटांतच हिशेब जुळतो. फक्त काठावरच्या, जास्त मार खाणाऱ्या मशिनांना आणि फक्त पावसाळ्यापुरतं केलं तर खर्च आणखी उतरतो. ही मांडणी तुमच्या आकड्यांनी स्वतः करून पाहा. शेवटच्या मोठ्या दुरुस्तीचं बिल शेजारी ठेवून.

मशीनचं वय आणि पुढचा बेत यांनी मात्र हे उत्तर उलटंही होऊ शकतं. मशीन साधारण २० वर्षांच्या आयुष्यासाठी बांधलेलं असतं. तीन-चार वर्षांत तुम्ही ते उतरवून तिथे मोठं मशीन उभं करणार असाल, तर आज जपलेलं आयुष्य भंगारात जाईल. सुरक्षिततेच्या मर्यादेत राहून मिळेल तेवढी वीज काढून घ्या. पण २० वर्षांनंतरही चालवायचं असेल, तर २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने आणलेल्या रीपॉवरिंग (जुनं मशीन उतरवून नवं उभारणं) आणि आयुर्मान वाढीच्या धोरणाने तो रस्ता खुला ठेवला आहे, आणि तेव्हा उरलेल्या आयुष्याची तपासणी होईल. त्या वेळी कुठल्या मशीनने किती भार सोसला याची नोंद ज्याच्याकडे असेल त्याचं बोलणं वजनदार ठरेल. भाईंना मशिनं मुलीच्या हाती द्यायची आहेत. म्हणून त्यांचं पारडं जपण्याकडे झुकतं.

जुनी, न वळणाऱ्या पात्यांची छोटी मशिनं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी या सगळ्यात पडू नये. तिथे चालू आणि बंद याखेरीज फारसं हातात नसतं.

जिथे ओढाताण नसतेच

दोन जागा अशा आहेत जिथे वीज आणि झीज यांच्यात निवड करावीच लागत नाही, आणि नेमक्या त्याच दोन्ही फायलींत नव्हत्या.

एक, मशीनचं तोंड मुळातच वाकडं असणं. नॅसेलवरचा दिशादर्शक बसवताना किंवा दुरुस्तीनंतर काही अंशांनी चुकतो आणि मशीन वर्षानुवर्षं वाऱ्याला तिरकं उभं राहतं. ८ अंशांची चूक म्हणजे दोन ते तीन टक्के वीज, वर फुकटचे हिसके. एखादं पातं इतरांपेक्षा अंशभर वेगळं बसलं असेल तर दर फेरीला मनोरा हलतो. हे तपासून सरळ करायला ताफ्याचं सॉफ्टवेअर लागत नाही. कुठल्याही फाईलीवर सही करण्याआधी हे करा. नाहीतर ही दुरुस्ती विक्रेता करेल आणि श्रेय सॉफ्टवेअरला जाईल.

दोन, कपातीचा आदेश. एसएलडीसीकडून, म्हणजे राज्याच्या भार प्रेषण केंद्राकडून, जनरेशन खाली आणायला सांगतात तेव्हा वीज गेलेलीच असते. ती कुठल्या मशीनमधून सोडायची एवढंच आपल्या हाती उरतं. साइटवर सहसा सगळ्यांना सारखं खाली आणतात, किंवा ऑपरेटरच्या सोयीची तीन मशिनं बंद करतात. बंद-चालू करणं हेही एक ओझं, आणि उभ्या रोटरच्या बेअरिंगला एकाच जागी मार बसतो. त्याऐवजी त्या घडीला वारा ज्या दिशेने आहे तिकडची पुढची रांग जास्त उतरवली तर तिच्यावरचा रेटा कमी होतो आणि मागच्यांना शांत वारा मिळतो. ज्या मशीनचं ग्रीस चमकतं आहे त्याला सगळ्यात जास्त आराम द्या. एक युनिटही जास्तीचं जात नाही. हे करायला एक छोटी यादी आणि कंट्रोल रूममध्ये समजूतदार माणूस पुरतो.

कंपन्यांना काय विचारायचं

भाईंना मी तीन प्रश्न लिहून दिले. पद्धत एक तास चालू, एक तास बंद अशी आलटून-पालटून चालवून, शेजारच्या न बदललेल्या मशीनशी ताडून दाखवाल का? मागच्या वर्षाशी तुलना मला नको, वारा दर वर्षी वेगळा. भार उतरला हे मनोऱ्याच्या पायथ्याला आणि पात्याच्या मुळाला ताणमापक बसवून मोजाल, की नुसतं संगणकावर? आणि मशीनच्या मूळ उत्पादकाचं संमतिपत्र आणाल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओ अँड एमचा, म्हणजे चालवण्या-देखभालीचा, करार बहुधा उत्पादकाकडेच असतो, कंट्रोलर त्यांच्या कुलपात असतो, आणि परवानगीविना हात लावला तर पुढच्या ब्रेकडाउनला "हे तुमच्यामुळे" असं ऐकावं लागेल.

पहिल्या कंपनीने आलटून-पालटून चाचणीला होकार दिला, संमतिपत्राला वेळ मागितला. दुसरीने दोन मनोऱ्यांना ताणमापक लावायचं कबूल केलं.

भाईंनी मे संपण्याआधी दहाही मशिनांची तोंडं तपासून घेतली; दोन वाकडी निघाली. दुसऱ्या फाईलीतली फक्त टोक छाटण्याची सोय त्यांनी काठावरच्या ३ मशिनांसाठी घेतली, जून ते सप्टेंबर. पहिली फाईल दसऱ्यानंतर, हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यावर मागच्या रांगेपुरती तपासायची आहे. आणि काठावरच्या तिन्ही मशिनांचं ग्रीस आता दर पंधरवड्याला पठारावरून डिचोलीला येतं, छोट्या पारदर्शक डब्यांत, झाकणावर मशीनचा नंबर आणि तारीख. पाऊस थांबला की भाई ते अंगणात नेतात आणि एकेक डबी उन्हात धरून पाहतात.